काटा चढल्यावरचे पाच मैल

निवृत्तीला नाही म्हणता येत नसे. लोक त्याला मनाचा मोठा म्हणत. मी त्याच्याबरोबर सहा वर्षं काम केलं आहे, त्यामुळे मला तसं म्हणायची गरज वाटत नाही. रस्त्यात कुणी हात केला की त्याचा पाय आपोआप ब्रेकवर जायचा. मग गाडी कुणाची, काम कुणाचं, याचं त्याला भान राहत नसे. या एका खोडीपायी त्यानं एका दिवसाच्या पोराचा जीव टांगणीला लावला होता. त्या दिवशी त्याच्या नावानं मी जेवढी बोटं मोडली तेवढी दुसऱ्या कुणाच्या नावानं मोडली नसतील. तरी त्याच्याबद्दल लिहायला बसले आहे, कारण त्या दुपारी त्यानं जे केलं ते माझ्याच्यानं झालं नाही. आणि तशी संधी मलाही होती.

डॉक्टर लताबाईंचं प्रसूतिगृह नाशकात टिळकवाडीत होतं. आठ खाटा, मी धरून तीन नर्सा, एक आया साळूबाई, आणि दारात राखाडी रंगाची एक अँबॅसिडर. बाईंना खेड्यापाड्यात व्हिजिटला न्यायचं, अडलेल्या बाईला घेऊन यायचं, बाळंतिणीला घरी पोचवायचं, सगळं त्या गाडीनं आणि तिचा ड्रायव्हर निवृत्तीनं. तो मोहाडीकडचा, चाळिशीचा, अंगानं काटकुळा आणि तोंडानं अखंड चालू. कळा देणारी बाई मागच्या सीटवर कण्हत असली तरी हा पुढून सांगणार, "मावशी, आता फकस्त दोन वळणं राह्यली." असं म्हणत तो तिला बारा मैल आणायचा, आणि दर मैलाला दोनच वळणं शिल्लक असायची. गंमत म्हणजे बायकांना त्याचा धीर वाटायचा.

गाडीत परकं माणूस बसवायचं नाही, हा बाईंचा नियम होता. कारणही तसंच होतं. एकदा यानं स्टँडपर्यंत म्हणून एका बाईला बसवलं, तिच्या मांडीवरच्या पोराला गोवर निघालेला, आणि दुसऱ्या दिवशी त्याच सीटवरून आमचं चार दिवसांचं बाळ घरी गेलं. त्या बाळाला काही झालं नाही. पण बाईंनी सीट फिनेलनं धुऊन घेतली आणि निवृत्तीला समोर उभं करून सांगितलं, "पुन्हा परकं माणूस बसवलंस तर त्या दिवशी चावी माझ्या टेबलावर ठेवायची आणि घरी जायचं." तो हो म्हणाला. हो म्हणायला त्याला कधी जड गेलं नाही.

ही हकिकत चौऱ्याहत्तर सालच्या मे महिन्यातली. रेल्वेचा संप चालू होता. गाड्या बंद, त्यामुळे एसटीला माणसं लोंबकळत होती आणि मुंबईच्या टॅक्सीला दोन-दोन दिवस नंबर लागत नव्हता. वर लग्नसराई आणि डोकं फुटेल असं ऊन. त्या मंगळवारी निवृत्ती एका बाळंतिणीला वणीला सोडायला गेला. तीनपर्यंत यायला हवा होता, तो दिवे लागल्यावर आला. गाडीतून उतरला आणि काही न बोलता बाईंच्या खोलीत गेला.

"बाई, गाडी जराशी तापली व्हती. म्हातारी गाडी, ऊन लागलं. उद्या मिस्त्रीला दाखवून घेतो."

बाई एका पेशंटचा कागद लिहीत होत्या. त्यांनी मान हलवली. मी दारात उभी होते. रोज गाडीतून उतरला की रस्त्यातल्या म्हशीपर्यंत सगळं सांगणारा माणूस आज एवढंच बोलून घरी गेला, याचं मला नवल वाटायला हवं होतं. वाटलं नाही, कारण घोटीची सुलाबाई तेव्हा कळा देत होती.

सुलाबाईला पहाटे मुलगा झाला. पाच पौंडांचा, रडला चांगला, आणि तिचा नवरा पुंजाराम, घोटीच्या भात-गिरणीत कामाला होता, त्यानं साळूबाईच्या हातावर पेढा ठेवला. नऊ वाजता बाळानं पहिली उलटी केली. ती हिरवी होती. दहा वाजता दुसरी केली, तीही हिरवी, आणि पोट तट्ट फुगायला लागलं. बाईंनी पोटावर बोटं फिरवली आणि माझ्याकडे पाहिलं. आतडं कुठंतरी बंद होतं. ते उघडायचं ऑपरेशन मुंबईतच होणार होतं, आणि ते त्याच दिवशी व्हायला हवं होतं. आम्ही नाकातून पोटात बारीक नळी घातली. दर अर्ध्या तासानं सिरिंजनं पोटातलं हिरवं पाणी ओढून काढायचं, एवढंच आमच्या हातात होतं.

सरकारी अँब्युलन्स दुसऱ्या पेशंटला घेऊन बाहेरगावी गेली होती. टॅक्सीवाल्यानं हात जोडले. बाई म्हणाल्या, "विमला, टांगा कर आणि मिस्त्रीकडे जा. दोनच्या आत गाडी दारात पाहिजे. मिस्त्री नाही म्हणाला तर का नाही, ते नीट विचारून ये."

बद्रुद्दीन मिस्त्रीचं गॅरेज नाशकातल्याच द्वारका चौकाच्या पुढं आग्रा रोडला होतं. मिस्त्री साठीचा, बुटका, दाढीला मेंदी, आणि चष्म्याच्या काड्यांना सुतळी बांधलेली. तो कामाला हळू म्हणून लोक कुरकुरायचे, पण त्याच्याकडून सुटलेली गाडी रस्त्यात बंद पडत नाही अशी त्याची ख्याती होती. मी पोचले तेव्हा आमची गाडी बॉनेट उघडून उभी होती. निवृत्ती टायरवर बसला होता आणि त्याच्यासमोरच्या चहावर साय धरली होती.

मी एका दमात सगळं सांगितलं. हिरवी उलटी, मुंबई, दोन वाजता. निवृत्तीचा चेहरा पांढरा पडला. मिस्त्री म्हणाला, "बेटी, मी घाई करतो, पण बघितल्याशिवाय सोडणार नाही. तापलेली गाडी गार झाली की चांगलीच दिसते."

त्यानं एकेक करून बघायला सुरुवात केली. मी घड्याळाकडे बघत होते, तरी मला सगळं आठवतं. इंजिनातलं ऑइल मोजायची पट्टी त्यानं बाहेर काढली, ऑइल बोटांत चोळलं, नाकाशी नेलं. "आत पाणी गेलं असतं तर हे दूध घातलेल्या चहासारखं झालं असतं. झालेलं नाही." चारही प्लग काढून उन्हात धरले. एकही ओला नव्हता. मग एक प्लग परत बसवायचा, समोर हँडल घालायचं आणि इंजिन हातानं सावकाश फिरवायचं. त्या सिलिंडरचा जोर मनगटाला कळायचा. मग तो प्लग काढून दुसरा. असं चार वेळा केलं. पहिल्याला आणि चौथ्याला त्यानं मान हलवली. दुसऱ्याला आणि तिसऱ्याला तो थांबला, परत फिरवलं, परत थांबला.

"दोन आणि तीन जरा हलके लागतात," तो म्हणाला.

"म्हणजे काय?" मी विचारलं.

"म्हणजे दोन गोष्टी असतील. गाडीचं वय झालंय, ही एक. नाहीतर हेडच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या, खालचं गॅस्केट दोघांच्या मधे जळालंय." त्यानं निवृत्तीकडे वळून पाहिलं. "निवृत्ती, सकाळी विचारलं तेच परत विचारतो. उष्णतेचा काटा वर चढल्यावर किती चालवली?"

"लगेच थांबलो, मिस्त्री."

"पाणी कधी ओतलं?"

"अर्धा तास थांबलो. गार झाल्यावरच ओतलं."

"मग तापली कशानं? बेल्ट चांगला आहे, पंप चांगला आहे, रेडिएटर मीच दिवाळीत साफ केला होता."

"ऊन लय व्हतं."

"ऊन सगळ्या नाशकाला होतं. माझ्याकडे तुझीच गाडी आली."

मिस्त्रीनं प्लग लावून गाडी चालू केली, रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून आत बघत राहिला. पाण्यात बुडबुडे आले तर हेड गेलं असं समजायचं, हे त्यानं मला सांगितलं, आणि मी पण वाकून त्या पाण्यात बघत राहिले. पाणी हललं, पण बुडबुडा आला नाही. मागे जाऊन त्यानं सायलेन्सरपुढं तळवा धरला. मग लांब पेचकस घेऊन त्याचं टोक इंजिनावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. आम्ही बाळाचे ठोके ऐकायला पोटावर नळकांडं लावतो आणि कान टेकवतो, अगदी तसाच तो ऐकत होता. माझा जीव थोडा भांड्यात पडला.

मी गाडीच्या पुढच्या बाजूला उभी होते. बघता बघता माझी नजर जाळीवर गेली. रेडिएटरच्या पुढं जी लोखंडी जाळी असते तिच्या एका पट्टीत हिरवा धागा अडकला होता. धाग्याला जरीचा तुकडा होता आणि वर दिव्याच्या कडेला कुंकवाचा पुसलेला डाग होता.

आता सगळं खरं लिहिते. मला त्या धाग्यानं काहीतरी सांगितलं. रिकाम्या गाडीला कुंकू कोण लावणार? काल या गाडीत माणसं बसली होती आणि निवृत्ती खोटं बोलतोय, एवढं मला कळलं होतं. किती खोटं, ते कळलं नव्हतं. मी तोंड उघडलं असतं तर मिस्त्रीनं आणखी तासभर लावला असता. दीड वाजला होता. मला गाडी पाहिजे होती. मी धागा तोडला आणि पदराच्या टोकात धरून ठेवला.

मिस्त्रीनं इंजिन बंद केलं. हात पुसत तो म्हणाला, "खरंच लगेच थांबला असशील तर हेडला काही झालं नसणार. दोन-तीनचं वयामुळं असेल. घेऊन जा. घोटीला एकदा पाणी बघ."

निवृत्ती उठला, चावी घेतली, दार उघडून आत बसला. मी पलीकडून बसले. त्यानं चावी घातली आणि फिरवली नाही.

"विमलाबाई, गाडीत कोण कोण बसणार?"

"बाई, मी, बाळ आणि बाळाचा बाप. चल ना लवकर."

"आन मधेच बंद पडली तर? घोटी-इगतपुरीच्या मधे?"

"तर मरेल ते," मी म्हणाले. मला राग आला होता, त्याचाही आणि माझाही. "तिथं काय दुसरं होणार?"

तो खाली उतरला. मिस्त्री हात धुवायला गेला होता, त्याच्यापाठीमागे जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मिस्त्री, हेड खोला. मी पाच मैल चालवली."

मग त्यानं सांगितलं. मिस्त्रीच्या तोंडाकडे न बघता, नळाकडे बघत. वणीच्या फाट्यावर एक वऱ्हाड उभं होतं, बागलाणाकडचं. गडावर देवीचं दर्शन करून नाशकाला नवरीच्या मामाकडे निघालेलं, आणि दोन तास एकही एसटी थांबली नव्हती. नवरा, नवरी, करवली, दोन म्हाताऱ्या आणि पोरं, मिळून नऊ. सगळे बसले. देवीला नेसवलेलं हिरवं पातळ त्यांना प्रसाद म्हणून मिळालं होतं. एका म्हातारीनं ते दुहेरी घडी करून गाडीच्या पुढं या दिव्यापासून त्या दिव्यापर्यंत बांधलं, नवरीची गाडी सजायला पाहिजे म्हणून. रेडिएटरला लागणारा वारा कोंडणार हे निवृत्तीला दिसत होतं. तो सोडायला पुढं झाला तर म्हातारी म्हणाली, "देवीनं पातळ शे भाऊ, सोडजो नको."

"आन माझे हात ग्रीसचे," निवृत्ती म्हणाला. "देवीच्या पातळाला लावायचे कसे? हात धजलाच नाय, मिस्त्री."

दिंडोरी यायच्या आधीच काटा चढला. पण दिंडोरीत बाई दर शनिवारी पेशंट बघायला जात. तिथं पानवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळे ही गाडी ओळखत होते. नऊ माणसं आणि नवरी घेऊन गाडी स्टँडवर वाफा सोडत उभी राहिली असती तर शनिवारी बाईंच्या कानावर गेलं असतं. म्हणून तो थांबला नाही. काटा लाल खुणेच्या पार टेकला, बॉनेटमधून वास यायला लागला, तरी हा चालवतच राहिला. ढकांब्याजवळच्या एका मळ्यापाशी गाडी आपण होऊन थांबली. वऱ्हाडातल्या माणसांनी घाबरून विहिरीचं गार पाणी आणलं आणि लालबुंद इंजिनावर, रेडिएटरमधे, दिसेल तिथं ओतलं. यानं त्यांनाही नाही म्हटलं नाही.

मी त्याच्या थोबाडीत मारायची बाकी होते. "नालायक माणसा," मी ओरडले, "सकाळपासून हे पोटात घालून बसलास? बाळ तिकडे हिरवं ओकतंय!" त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्याला सुचत नव्हतं. माझ्या पदरात धागा होता. तो मी दाखवला नाही.

मिस्त्रीनं नळ बंद केला. मग म्हणाला, "ही गाडी जाणार नाही. विषय संपला." आणि तो गॅरेजच्या आतल्या बाजूला बघायला लागला.

आत एक पांढरी अँबॅसिडर उभी होती. मालेगावच्या सुताच्या व्यापाऱ्याची, भिकनशेठची. तिचे ब्रेक मिस्त्रीनं आदल्याच दिवशी केले होते आणि शेठ दुसऱ्या दिवशी सकाळी घ्यायला येणार होता. गिऱ्हाइकाची गाडी गॅरेजच्या कामाशिवाय हलवायची नाही, ही मिस्त्रीची तीस वर्षांची शिस्त होती. त्याच्या स्वतःच्या मुलीच्या लग्नात त्यानं गिऱ्हाइकाची गाडी वापरली नव्हती, हे सगळ्या द्वारकेला माहीत होतं. त्यानं खुंटीवरची चावी काढली, हातात खेळवली आणि निवृत्तीपुढं धरली.

"तूच चालव. मी गाडी फक्त गल्लीत चालवतो, ब्रेक लागतात का बघायला. घाट मला माहीत नाही."

"मी?" निवृत्ती म्हणाला.

"आता तू खोटं बोलणार नाहीस. निदान आज तरी नाही."

दोनला दहा कमी असताना आम्ही दारात पोचलो. बाई बाळाला घेऊन पायरीवर उभ्या होत्या. पांढरी गाडी बघून त्यांनी काही विचारायच्या आत निवृत्ती उतरला आणि तिथंच, पुंजारामच्या आणि साळूबाईच्या समोर, सगळं सांगितलं. नऊ माणसं, पातळ, दिंडोरी, पाच मैल. बाईंचा चेहरा दगडासारखा झाला.

"परत आल्यावर चावी टेबलावर ठेव," त्या म्हणाल्या. "आता चालव."

मी बाळाला मांडीवर घेऊन मागे बसले, शेजारी पुंजाराम. बाई पुढं बसल्या. नाशिक सोडलं तसं पश्चिमेचं ऊन थेट बाळाच्या तोंडावर यायला लागलं. मी पदर धरला, पण हात सिरिंजला लागत होता. निवृत्तीनं आरशातून पाहिलं असावं. विल्होळीपाशी त्यानं गाडी कडेला घेतली, मागची डिकी उघडली आणि ते हिरवं पातळ घेऊन आला. मळ्यात म्हातारीनं स्वतःच ते सोडून त्याला दिलं होतं, बायकोला ने म्हणून. गॅरेजमधून निघताना त्यानं ते या गाडीत टाकलं होतं. त्यानं पातळाची जरीची कड दातात धरून टर्रकन फाडली, अर्धं पातळ बरोबर घेतलेल्या कळशीतल्या पाण्यात बुडवलं, पिळलं आणि खिडकीच्या काचेत अडकवलं. हात ग्रीसचेच होते. आत सावली झाली आणि बाळाच्या कपाळावर गार वारा आला.

मी बौद्ध. माझ्या लेखी ते पातळ कालही पातळच होतं. पण त्याच्या लेखी ते काय होतं, हे मला माहीत होतं.

त्या प्रवासासारखी भीती मला पुढं कधी वाटली नाही. दर अर्ध्या तासानं हिरवं पाणी निघत होतं. पुंजारामनं बाळाची एक टाच दोन बोटांत धरली होती, ती ठाण्यापर्यंत सोडली नाही. बाईंची नजर रस्त्यावर नव्हती, काट्यावर होती. काटा जागचा हलत नव्हता, तरी त्या घोटीच्या चढाला पुढं झुकून बसल्या. घोटीत पुंजारामची गिरणी आली आणि गेली, त्यानं मान वळवून पाहिलंसुद्धा नाही. निवृत्ती एक अक्षर बोलत नव्हता. त्याची बडबड बंद झाली तर इतकं भकास वाटेल, हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. कसाऱ्याच्या घाटात बाळ एकदम निपचित झालं आणि माझ्या तोंडून "बाई" अशी हाक गेली. बाईंनी वळून बाळाच्या तळव्यावर टिचकी मारली. ते रडलं, बारीक आवाजात. तेव्हा पुढून घोगऱ्या आवाजात निवृत्ती म्हणाला, "आता फकस्त दोन वळणं राह्यली."

मी मोजली. अकरा होती.

आठच्या सुमाराला आम्ही पोचलो आणि नऊला बाळाला ऑपरेशनला घेतलं. ते वाचलं. सव्वीस दिवस मुंबईत राहून घोटीला गेलं आणि सहा महिन्यांचं झालं तेव्हा सुलाबाई त्याला दाखवायला आणून सगळ्यांच्या मांडीवर ठेवून गेली. भिकनशेठला दुसऱ्या दिवशी गाडी मिळायला दुपार झाली. मिस्त्रीनं त्याला सगळं सांगून माफी मागितली, तेव्हा तो एवढंच म्हणाला म्हणे, "पोऱ्या वाचना ना? मंग जाऊ दे."

चार दिवसांनी मिस्त्रीनं आमच्या गाडीचं हेड खोललं आणि मला मुद्दाम बोलावलं. गॅस्केट दोन आणि तीनच्या मधे काळं पडून जळालं होतं, सुताएवढं शिल्लक होतं. मिस्त्रीनं हेड उलटं ठेवून त्यावर पोलादी पट्टी उभी धरली आणि मला वाकून बघायला सांगितलं. पट्टीच्या खालून उजेड येत होता. हेड वाकलं होतं. "उभ्या गाडीत बुडबुडा आला नाही," तो म्हणाला, "पण घोटीच्या चढाला जोर लागला असता आणि तिथंच गेली असती." त्या फटीतल्या उजेडाकडे मी पाहत राहिले. तो हिरवा धागा मी अजून फेकला नव्हता.

निवृत्तीनं चावी टेबलावर ठेवली होती. मी बाईंशी भांडले. म्हटलं, त्यानं खरं सांगितलं म्हणून बाळ वाचलं. बाई म्हणाल्या, "आधी खोटं सांगितलं म्हणून मरणार होतं." मग मी तो हिरवा धागा त्यांच्यापुढं ठेवला आणि सांगितलं, मला दिसलं होतं आणि मी गप्प बसले होते, मलाही काढा. बाईंनी धागा बघितला. "तुला कुणी विचारलं नव्हतं, विमला. त्याला दोनदा विचारलं होतं," एवढं म्हणून त्या वॉर्डात गेल्या. मला तो न्याय पटला नाही. मी तिथंच नोकरी करत राहिले, हेही तितकंच खरं.

निवृत्तीला बद्रुद्दीन मिस्त्रीनं ठेवून घेतलं. पाना धरायला तो यथातथाच होता. पण तापलेली गाडी आली की मिस्त्री बॉनेट उघडायच्या आधी तिच्या ड्रायव्हरला निवृत्तीकडे धाडायचा. निवृत्ती त्याला टायरवर बसवायचा, चहा सांगायचा, आणि आधी स्वतःची गोष्ट सांगायचा. शेवटी विचारायचा, "मी पाच मैल चालवली व्हती. तू किती?" ट्रकवाले, टॅक्सीवाले, साहेबांचे ड्रायव्हर, सगळे आधी लगेच थांबलो म्हणायचे. चहा संपेपर्यंत आकडा बाहेर यायचा. मग निवृत्ती तिथूनच मिस्त्रीला ओरडून सांगायचा आणि मिस्त्री त्या आकड्यावरून ठरवायचा, हेड खोलायचं की नाही.

त्र्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात बाईंनी फियाट घेतली होती आणि ती त्या स्वतः चालवत. एका दुपारी आम्ही दोघी गिरणाऱ्याच्या पुढून एक पेशंट बघून परत येत होतो. रेडिएटरची नळी फाटली आणि काटा चढला. टिळकवाडीत एक बाई अडली होती, फोन येऊन गेला होता. बाई थांबल्या नाहीत. मी काट्याकडे बोट दाखवलं तर म्हणाल्या, "दिसतंय मला." कशाबशा पोचलो, बाळंतपण झालं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एका टेम्पोच्या मागे दोरी बांधून गाडी आग्रा रोडला नेली. आम्ही मागून रिक्षानं गेलो.

नऊ वर्षांत बाई त्या गॅरेजात गेल्या नव्हत्या. मिस्त्री आता वाकला होता. त्यानं आदरानं सलाम केला आणि विचारलं, "बाई, काटा चढल्यावर किती चालवली?"

"लगेच थांबवली," बाई म्हणाल्या.

मी खाली बघितलं. मिस्त्रीनं माझ्याकडे पाहिलं, मग आतल्या बाजूला पाहिलं. आतून निवृत्ती आला. डोक्याचे केस पिकलेले, हात तसेच ग्रीसचे. त्यानं टायर झटकला, त्यावर स्वच्छ फडकं अंथरलं आणि म्हणाला, "बाई, बसा." बाई बसल्या. चहा आला. निवृत्तीनं कप त्यांच्या हातात दिला आणि समोर उकिडवा बसला.

"बाई, माझी गोष्ट तुमाला म्हाईत हाय," तो म्हणाला. "मी पाच मैल चालवली व्हती. तुमी किती?"

बाईंनी कपाकडे पाहिलं. एकदा माझ्याकडे पाहिलं. मी या वेळी मान वर ठेवली.

"सात," बाई म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, "आठ असतील."

निवृत्ती उठला. त्याच्या तोंडावर राग नव्हता, आनंद पण नव्हता, तो फक्त त्याचं काम करत होता.

"मिस्त्री," त्यानं हाक मारली, "हेड खोला."